तो गुरगुरला नव्हता

पळस फुलला की हल्ली मला बरं वाटत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी पेठ रोडला रामशेजचा किल्ला मागे पडला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना तो दिसायला लागतो. अंगावर एक पान नसतं आणि फांद्यांच्या टोकांना तो केशरी भडका. पूर्वी मी स्कूटर थांबवून फोटो काढायचे आणि बहिणींच्या ग्रुपवर टाकायचे. आता मान सरळ ठेवून पुढे जाते. मोहाच्या फुलांच्या वासाचं मात्र काही करता येत नाही. सकाळच्या गारव्यात तो गोड, किंचित आंबूस वास हेल्मेटच्या काचेखालून आत शिरतो आणि मला थेट तीन वर्षांपूर्वीच्या, ओहोळावरच्या त्या मोरीपाशी नेऊन उभं करतो.

मी इंग्रजी शिकवते. घर नाशकात, पेठ नाक्याच्या पुढे, आणि शाळा सावळघाटाच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आठ किलोमीटर आत. एकोणीस वर्षं हा रस्ता करते आहे. त्याचे खड्डे, त्याचे सागाचे पट्टे, उतारावरची खडी मला हातावरच्या रेषांसारखी पाठ आहे, निदान मला तसं वाटायचं. मार्चमध्ये शिवारात राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजायला, सुरुवात झालेली असते आणि शाळेच्या आवारात त्याचा धूर रेंगाळत असतो. वर्गांच्या दारांवर खडूने लिहिलेले बैठक क्रमांक, प्रवेशपत्र जपून धरलेले घामेजलेले हात, मुलींच्या केसांना त्या दिवसापुरतं जास्तीचं तेल, व्हरांड्यात ओला फडका गुंडाळलेला माठ. दहावीच्या परीक्षेचा मोसम माझ्यासाठी असा असतो. तो मला आवडायचा. वर्षभर खिडकीबाहेर बघणारी मुलं त्या पंधरा दिवसांत माझ्याकडे बघायची.

त्या वर्षी दहावीच्या वर्गात यमुना होती. शाळेपासून चार किलोमीटरवरच्या एका पाड्यावरून ती आणि आणखी दोघी चालत यायच्या. त्या पाड्यावरून दहावीला बसणाऱ्या या तिघीच पहिल्या. यमुना अंगाने बारीक, बोलायला कमी, पण प्रश्न असे विचारायची की मला रात्री घरी पुस्तकं उघडावी लागायची. इंग्रजीत ‘नाइफ’च्या आधी ‘के’ येतो आणि तो उच्चारायचा नसतो, हे सांगितल्यावर सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. यमुनाने विचारलं, बोलायचंच नसेल तर ते अक्षर ठेवलंय कशाला? मी काहीतरी उत्तर दिलं. तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं नाही हे मला दिसत होतं.

इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी मी या तिघींना आठ वाजता बोलावलं होतं. पेपर अकराला, म्हणजे दोन तास उजळणी करता येईल. म्हणून मी नेहमीपेक्षा फार लवकर निघाले. मुख्य रस्ता सोडून आत वळले तेव्हा उन्हं नुकतीच झाडांच्या शेंड्यांवर आली होती. शाळेच्या अलीकडे, पाड्याकडून येणारी पायवाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते, तिच्या पुढच्याच वळणावर एक मोरी आहे. खाली कोरडा ओहोळ. मी वळण घेतलं आणि मोरीच्या कठड्यावर बिबट्या बसलेला होता.

माझ्यापासून तीस पावलांवर. हा आकडा मी आज जबाबदारीने लिहिते आहे, कारण पुढे तो बदलत गेला.

मांजर खिडकीत बसतं तसा तो बसला होता, पुढचे पाय जुळवून, खालच्या ओहोळाकडे बघत. मी ब्रेक दाबला. त्याने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, कुतूहलही नव्हतं. घरात कुणी पाहुणा अवेळी आला तर माणूस जसा बघेल, तेवढंच. त्याच्या पाठीवर ऊन पडलं होतं आणि श्वासासरशी पोटाची कातडी हलत होती. माझ्या डोक्यातून सगळं निघून गेलं. पेपर, उजळणी, घरी गॅस बंद केला की नाही ही रोजची शंका, काहीच उरलं नाही. लोकांना सांगून पटत नाही, पण मला त्या क्षणी भीती वाटली नाही. मग तो उठला, पुढचे पाय ताणून आळस दिला, आणि आवाज न करता ओहोळात उतरला. एक मिनिटही झालं नसेल.

भीती नंतर आली, शाळेत चहाचा कप हातात घेतल्यावर.

मुख्याध्यापक सर आले होते आणि शिपाईमामा घंटेपाशी झाडत होते. मी सांगायला सुरुवात केली. मला सांगताना मजा येत होती, हे आता मान्य करायला हवं. तोवरच्या सोळा वर्षांत माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं असं काही घडलंच नव्हतं. मी रंगात आले असतानाच सरांनी मला थांबवलं आणि विचारलं, “मॅडम, पाड्यावरच्या पोरी त्याच रस्त्याने येतात ना?”

मी कप खाली ठेवला. मोरीपासून शाळेपर्यंत, आणि शाळेत येऊन चहा होईपर्यंत, ज्यांना मीच लवकर बोलावलं होतं त्या मुलींचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. आम्ही तिघंही फाटकाकडे धावलो. तेवढ्यात त्या तिघी वळणावरून येताना दिसल्या, हातात पुस्तकं, कशावर तरी हसत. मी यमुनाला दोन्ही खांद्यांना धरलं आणि विचारलं, वाटेत काही दिसलं का? तिघी एकदम ‘नाही मॅडम’ म्हणाल्या. इतक्या एकदम की मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

सरांनी पाड्यावर आणि वनखात्यात फोन केले. ते योग्यच होतं. आदल्या वर्षी पलीकडच्या तालुक्यात अंगणात खेळणारं पोर बिबट्याने उचललं होतं आणि त्या आईचा टाहो आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर ऐकला होता. सावध करणं चूक नव्हतं. माझी चूक पुढे आहे.

पेपर सुरू झाला. माझ्याच विषयाचा पेपर म्हणून मला त्या दिवशी पर्यवेक्षण नव्हतं. स्टाफरूममध्ये बाहेरच्या शाळांमधून पर्यवेक्षणाला आलेले शिक्षक बसले होते आणि त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. या वेळी तीस पावलांची पंधरा झाली. मग दुसऱ्या तासाला दुसरे आले, त्यांच्यासाठी दहा. कुणीतरी म्हणालं, “मग तो नुसता निघून गेला?” त्या ‘नुसता’ शब्दात थोडी निराशा होती, आणि मी म्हणाले, “नुसता कसला, गुरगुरला. दात दाखवले. अंगावरच येत होता, मी हॉर्न दाबून धरला म्हणून वाचले.”

का म्हणाले, याचं उत्तर तीन वर्षं शोधते आहे. कुणाला फसवायचं नव्हतं. समोरच्यांच्या चेहऱ्यावर जे भय बघायला मिळत होतं, ते माझ्या मालकीचं आहे असं वाटत होतं, आणि ते थोडं वाढवायला काय लागतं? एक क्रियापद. मीच शिकवते की क्रियापद बदललं की सगळं वाक्य बदलतं.

दोन वाजता पेपर सुटला तेव्हा फाटकाबाहेर तिन्ही मुलींचे वडील उभे होते. यमुनाचे वडील काशिनाथभाऊ. चार शब्दांत बोलणारा, नजर खाली ठेवणारा माणूस. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, पण पालकसभेला पाड्यावरून न चुकता येणारे ते एकटेच. यमुना पेपरातल्या पत्रलेखनाबद्दल मला काही सांगत येत होती, ती त्यांना पाहून थांबली. माझ्या मागे मुख्याध्यापक होते, शिक्षक होते, शिपाईमामा होते. काशिनाथभाऊंनी चप्पल काढली, देवळात काढतात तशी, आणि मला विचारलं, “मॅडम, तुमी डोळ्यानं पाह्यला. गुरगुरला, अंगावर आला म्हणत्यात. खरं हाय का?”

ज्यांना मी सांगितलं होतं ते माझ्या मागेच उभे होते. मी म्हणाले, “हो.”

त्यांनी मान हलवली. एवढंच. यमुनाचं पुस्तक आपल्या हातात घेतलं आणि तिला पुढे घालून निघाले.

सरांनी त्याच संध्याकाळी धावपळ केली. शाळेच्या गावात एका घरी मुलींना परीक्षा संपेपर्यंत ठेवायची सोय झाली. दोघींच्या घरचे तयार झाले. काशिनाथभाऊंनी पोर दुसऱ्याच्या घरी ठेवायला नकार दिला. पुढच्या पेपरला यमुनाचा बाक रिकामा होता. पर्यवेक्षक म्हणून त्या वर्गावर मीच होते. गैरहजर विद्यार्थ्याचा क्रमांक वेगळ्या कागदावर लाल शाईने लिहायचा असतो. तो मी माझ्या हाताने लिहिला.

दुपारी मी पाड्यावर गेले. मोरीवरून जाताना हॉर्न वाजवत होते, कुणाला ऐकवायला ते ठाऊक नाही. घरापुढे सामान बांधलेलं दिसलं. दिंडोरीकडे द्राक्षांची कामं जोरात होती आणि दरवर्षी यमुनाच्या परीक्षेनंतर निघणारं कुटुंब या वर्षी आधीच निघायच्या तयारीत होतं. तिची आई भांडी पोत्यात भरत होती. तिने मला पाणी दिलं आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. मी काशिनाथभाऊंना म्हणाले की मी रोज सकाळी येईन, यमुनाला गाडीवर नेईन, पेपर झाला की घरापर्यंत आणून सोडीन. माझ्याबरोबर असताना तिला काही होणार नाही.

ते म्हणाले, “तुमच्या गाडीवरच आला ना तो अंगावर?”

उत्तर अगदी सोपं होतं, पण मी ते दिलं नाही. मी शिक्षणाचं महत्त्व वगैरे बोलत राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोर राह्यली तर शिकंल, मॅडम.”

यमुना मला गाडीपर्यंत सोडायला आली. पळसाखाली स्कूटर उभी होती आणि सीटवर फुलं पडली होती. तिने ती एकेक करून उचलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तो गुरगुरत नाय, मॅडम. आमी दिवाळीपासून पाहतो त्याला.”

तिने सांगितलं ते असं: दिवाळीच्या सुरुवातीच्या वाघबारशीला पाड्यावरचे लोक वाघदेवाच्या दगडाला शेंदूर लावून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिघींना तो पहिल्यांदा दिसला होता, त्याच मोरीवर. सकाळचं पहिलं ऊन तिथे पडतं म्हणून तो येऊन बसतो. आठवड्यातून एकदोनदा तरी असतो. तिघींनी ठरवलं की घरी सांगायचं नाही, शाळेतही नाही, कारण सांगितलं की शाळा बंद. मग त्यांनीच एक युक्ती काढली. वळणाच्या अलीकडे थांबायचं आणि मोठ्याने पाठांतर म्हणायचं. गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. आवाज ऐकला की तो उतरून जातो, मग पुढे जायचं. कधी त्याला उशीर झाला तर सगळी यादी दोनदा म्हणावी लागायची.

मी वर्गात या तिघींचं कौतुक केलं होतं. बघा, रस्त्याने चालतानासुद्धा क्रियापदं पाठ करत येतात, असं सगळ्यांना सांगितलं होतं. त्या तेव्हा खाली बघून हसल्या होत्या.

यमुनाने मला एकही प्रश्न विचारला नाही. तुम्ही असं का सांगितलंत, म्हणाली नाही. तिचं घर माझ्या मागे हाकेच्या अंतरावर होतं, दार उघडं होतं आणि तिचे वडील आत होते. परत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी ‘बघते मी काहीतरी’ असं म्हणाले आणि स्कूटर सुरू केली.

या गोष्टीत मला स्वतःची सगळ्यात जास्त लाज तिथे वाटते. फाटकापाशी मी गोंधळले होते असं म्हणता येईल. पळसाखाली मला सगळं माहीत होतं.

वनखात्याने मोरीपासून थोड्या अंतरावर पिंजरा लावला. आठवड्याने त्यात बिबट्या सापडला. तोच की दुसरा, कुणाला सांगता येईना. मी बघायला गेले नाही, पण व्हिडिओ सगळीकडे फिरला. गर्दी, मोबाइल वर धरलेले हात, आणि गजांवर डोकं आपटून रक्ताळलेलं त्याचं नाक. व्हिडिओत तो गुरगुरत होता. दात दाखवत होता. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने तो मला दाखवला आणि म्हणाला, तुम्ही सांगितलं तस्सा आहे बघा. मी फोन परत दिला.

एप्रिलमध्ये पेपर तपासणी संपल्यावर मी दिंडोरीला गेले. दोन दिवस चौकशी करत तिसऱ्या बागेत ते कुटुंब सापडलं. मांडवाखाली हिरवा, दमट अंधार होता आणि द्राक्षांचा आंबूस वास. यमुना घड कापत होती, हातात छोटी कात्री. मला पाहून तिने मान हलवली आणि कात्री थांबवली नाही. काशिनाथभाऊ क्रेट वाहून नेत होते. मी त्यांना बांधावर बोलावलं आणि सांगून टाकलं. तो तीस पावलांवर होता, गुरगुरला नव्हता, अंगावर आला नव्हता, माझ्याकडे बघून निघून गेला. मुलींचं गुपित मात्र मी सांगितलं नाही. ते माझं नव्हतं.

त्यांनी क्रेट खाली ठेवला. मग विचारलं, “मंग तवा का नाय बोलल्या?”

मी म्हणाले, “सगळे उभे होते.”

“सगळे व्हते म्हणून तर इचारलं,” ते म्हणाले. त्यांना माझा राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त थकलेले दिसत होते. क्रेटकडे बघत म्हणाले, “आता तो माझ्या डोक्यातून निघायचा नाय. तुमी खरं बोला का खोटं.”

मी पुरवणी परीक्षेचा फॉर्म बरोबर नेला होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मांडवाकडे तोंड करून यमुनाला हाक मारली. ती आली, हात ओढणीला पुसले आणि सही केली. मग वळून मांडवाखाली गेली.

माणूस भीती दुसऱ्याच्या हातात देतो तेव्हा त्याला वाटतं, ती उसनी दिली आहे, वाटेल तेव्हा परत मागून घेऊ. ती परत येत नाही. मी खरं सांगितलं म्हणून त्या रस्त्यावरचं काशिनाथभाऊंचं एकही पाऊल हलकं झालं नाही.

जुलैत पुरवणी परीक्षा झाली, केंद्र पेठला. मी पर्यवेक्षणाला मुद्दाम नाव दिलं होतं. त्या तालुक्यात तेव्हा पाऊस चार-चार दिवस उघडत नाही आणि भाताची आवणी जोरात असते. वाटेतल्या प्रत्येक खाचरात माणसं वाकलेली, डोक्यावर प्लॅस्टिक, हातात रोपांच्या जुड्या. आवणीचे दिवस गेले की गेले, रोपं वाट बघत नाहीत. पहिल्या पेपरला यमुना आली आणि तिच्याबरोबर काशिनाथभाऊ. पाड्यापासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत, मग जीपने. ते व्हरांड्याच्या टोकाला उकिडवे बसले, कोयता मांडीवर आडवा, अंगावर युरियाच्या गोणीचा घोंगता. पेपर संपेपर्यंत तिथून हलले नाहीत. दुसऱ्या पेपरलाही आले. तिसऱ्यालाही. त्यांच्या खाचरात रोपं पिवळी पडायला लागली असणार, हे मला विचारायची गरज नव्हती.

वर्गात यमुना लिहीत होती. मी तिच्या बाकावरून जाताना तिची लेखणी थांबत नव्हती आणि ती वर बघत नव्हती. पुरवणी हवी असली की दुसरीकडे बघत हात वर करायची.

चौथ्या पेपरला मी मधल्या वेळात शिपायाकडून दोन कप चहा घेतला आणि व्हरांड्याच्या टोकाला गेले. काशिनाथभाऊंनी कप घेतला. मी बाजूला उभी राहिले. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की बोलायचं तर ओरडावं लागलं असतं. त्यांनी चहा संपवला, कप पागोळीखाली धरून विसळला आणि मला परत दिला.

“किती पेपर राह्यले, मॅडम?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “तीन.”

त्यांनी समोरच्या डोंगराकडे बघत मनातल्या मनात दिवसांचा काही हिशेब केला, आणि कोयत्यावरचं पाणी हाताने निपटून तो पुन्हा मांडीवर आडवा ठेवला.